पायरसी : गेम बनवणाऱ्याचं नक्की किती जातं?

गेल्या वर्षी आमच्या विंगमधल्या दोघांनी फायनल इयरचं प्रोजेक्ट सांभाळून एक छोटा मोबाइल गेम बनवला. रात्री मेस बंद झाली की दोघं बसायचे, ते पहाटे दूधवाला येईपर्यंत. सात महिन्यांनी गेम स्टोअरवर चढला. किंमत ठेवली ४९ रुपये, म्हणजे कॅन्टीनमधला वडापाव आणि दोन चहा. तिसऱ्याच दिवशी कुणीतरी त्याची एपीके फाइल हॉस्टेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. वाईट हेतूनं नाही बरं का! खाली लिहिलं होतं, "आपल्या पोरांनी बनवलाय, सगळ्यांनी खेळा." सगळ्यांनी खेळला. पुढचा आठवडाभर जिन्यात, मेसच्या रांगेत, अगदी व्हायव्हाच्या बाहेरसुद्धा लोक त्या दोघांची पाठ थोपटत होते. विकत घेणारे मात्र दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता आले असते.

एका रात्री गच्चीवर यावरून वाद पेटला. एक जण म्हणाला, "अरे, आम्ही तुमचे हजारो रुपये बुडवले." दुसरा म्हणाला, "काही बुडवलं नाही. फुकट मिळाला म्हणून खेळलो. नाहीतर कोण घेणार होतं?" गेम बनवणाऱ्यांपैकी एक जण बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, "मला राग नाही रे आला. पण नक्की किती गेले ते कळायला पाहिजे. दुसरा गेम करायचा की गपचूप नोकरी धरायची, ते त्यावरच ठरणार आहे."

हा लेख म्हणजे त्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न आहे. पायरसी चांगली की वाईट, यावर भाषण ठोकायचा विचार नाही. आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहोत, तेव्हा आधी मोजू, मग बोलू.

आधी एक साधा हिशेब

समजा, एका गेमची किंमत १००० रुपये आहे आणि हॉस्टेलमधल्या १०० जणांनी तो एकाच हार्ड डिस्कवरून उतरवून घेतला. कंपनीचा माणूस म्हणेल, १०० गुणिले १०००, म्हणजे १ लाखाचं नुकसान. आपण म्हणू, नुकसान शून्य, कारण कुणी घेतलाच नसता. दोघंही गुणाकारच करतायत. फक्त एकानं १ नं गुणलं आणि दुसऱ्यानं ० नं.

खरा आकडा या दोघांच्या मधे कुठेतरी असतो. समजा, त्या १०० पैकी ५ जणांनी फाइल मिळाली नसती तर पूर्ण किंमत देऊन गेम घेतला असता. आणखी २० जण दिवाळीच्या सेलमध्ये २५० रुपयांना मिळेपर्यंत थांबले असते. उरलेल्या ७५ जणांनी कधीच घेतला नसता. ते क्रिकेट खेळले असते किंवा झोपले असते. मग कंपनीचे गेले किती? ५ गुणिले १००० म्हणजे ५ हजार, अधिक २० गुणिले २५० म्हणजे आणखी ५ हजार. एकूण १० हजार. म्हणजे दाव्याच्या एक दशांश. पण शून्य नक्कीच नाही.

अर्थशास्त्रात याला विस्थापनाचा दर म्हणता येईल : एका फुकट प्रतीमागे किती खरी विक्री बाजूला ढकलली गेली, तो दर. वरच्या उदाहरणात १०० प्रतींमागे २५ विक्र्या गेल्या, म्हणजे दर ०.२५.

आता यातून एक गोष्ट वजाही करायला पाहिजे. त्या ७५ जणांपैकी काहींना गेम आवडला, त्यांनी मित्रांना सांगितलं, दोघांनी नोकरी लागल्यावर त्याचा पुढचा भाग विकत घेतला, तर ते पैसे कंपनीला फुकट प्रतीमुळेच मिळाले. म्हणजे निव्वळ तोटा = हटलेली विक्री – वाढलेली विक्री. सूत्र इतकं सोपं आहे. अडचण एवढीच की यातली एकही राशी थेट दिसत नाही. "फाइल मिळालीच नसती तर याने काय केलं असतं?" हे त्या माणसालाही धड सांगता येत नाही.

दिसतो तो आकडा, आणि लागतो तो आकडा

थेट दिसतो तो आकडा म्हणजे किती टक्के लोक फुकट खेळतायत हा. तो बहुतेक वेळा डोळे पांढरे करणारा असतो.

२००८ सालच्या ऑक्टोबरमध्ये 'वर्ल्ड ऑफ गू' नावाचा गेम आला. काइल गॅबलर आणि रॉन कार्मेल या दोघांच्या 'टूडी बॉय' या छोट्या स्टुडिओनं तो केला होता. पीसीवर त्यांनी कॉपी रोखणारं कुठलंही कुलूप घातलं नव्हतं. गेममधून खेळाडूंचे गुण सर्व्हरवर जायचे, त्यामुळे किती वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून गेम खेळला जातोय ते दिसायचं. विकलेल्या प्रती आणि हे पत्ते यांची तुलना करून त्यांनी आधी सांगितलं, ९० टक्के पायरसी! मग लोकांनी शंका काढल्या. आयपी पत्ता बदलत राहतो, एकच माणूस घरून आणि ऑफिसातून खेळतो, एका प्रतीवर दोन मशीन चालतात. हे सगळं धरून आकडा पुन्हा काढला, तो आला ८२ टक्के. नेटवर्क्सच्या पेपरला हे उदाहरण द्यायला हरकत नाही : आयपी पत्ता म्हणजे माणूस नव्हे, हे विसरलं की ८ टक्क्यांची चूक होते.

'टूडी बॉय'नी स्वतःच एक तुलना केली. 'रिकोशे इन्फिनिटी' या गेमला कुलूप होतं, तरी त्याच्या कंपनीनं, म्हणजे 'रिफ्लेक्सिव्ह'नं, पायरसीचा आकडा ९२ टक्के सांगितला होता. दोन वेगळे गेम, तेव्हा यावरून मोठा निष्कर्ष काढू नये. पण कुलूप घातलं म्हणजे सगळे सरळ दुकानात जातात असं नाही, एवढं दिसतं.

'रिफ्लेक्सिव्ह'च्याच रसेल कॅरोल यांनी २००८ मध्ये आणखी एक अनुभव लिहिला. त्यांच्या गेममधल्या ज्या ज्या पळवाटा लोक वापरत होते, त्या त्यांनी एकेक करून बुजवल्या आणि विक्रीवर नजर ठेवली. त्यांच्या हिशेबानं सुमारे १००० चोरीच्या प्रती थांबवल्या, तेव्हा १ विक्री वाढली. म्हणजे दर ०.००१! आपल्या गच्चीवरचा दुसरा मित्र हे वाचून नाचेल. पण थांबा. हा एका स्वस्त, हलक्याफुलक्या गेमचा अनुभव आहे. शिवाय एका ठिकाणी पळवाट बुजली की माणूस दुकानात जाण्याऐवजी शेजारचा दुसरा गेम फुकट उतरवतो. सगळीकडच्या पळवाटा एकदम बुजल्या असत्या तर काय झालं असतं, हे त्यावरून कळत नाही.

२०१३ च्या एप्रिलमधली गोष्ट तर गमतीशीर आहे. पॅट्रिक आणि डॅनियल क्लुग या भावांनी 'गेम डेव्ह टायकून' काढला. यात खेळाडूनं स्वतःची गेम कंपनी चालवायची असते. या भावांनी पहिल्याच दिवशी गेमची एक 'क्रॅक' प्रत स्वतःच टोरेंटवर टाकली. फरक एवढाच की त्या प्रतीत काही तास खेळल्यावर खेळाडूच्या कंपनीचे गेम लोक चोरायला लागतात आणि कंपनीचं दिवाळं निघतं. पहिल्या दिवसाअखेर विकत घेऊन खेळणारे २१४ आणि ती प्रत खेळणारे किमान ३१०४. म्हणजे ९३ टक्क्यांहून जास्त फुकटे. आणि त्यातलेच काही जण तक्रार करत होते, की लोक आमचे गेम चोरतायत, यावर कुलूप शोधून काढायची सोय या गेममध्ये आहे का!

हसायला येतं खरं, पण त्या ३१०४ पैकी किती जणांनी गेम विकत घेतला असता, हे मात्र या आकड्यातून कळत नाही. ९३ टक्के हा चोरीचा दर आहे, तोट्याचा दर नाही. वर्तमानपत्रात दोन्ही एकच असल्यासारखे छापले जातात. २०१० साली अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या जीएओ या तपासणी संस्थेनं नकली मालाविषयी आणि पायरसीविषयी अहवाल दिला. नुकसानीचे सरकारी म्हणून सर्रास सांगितले जाणारे तीन आकडे मूळ कुठल्या अभ्यासातून आले, याचा पत्ताच लागत नाही, असं त्यात नोंदवलं आहे. एकानं छापायचं, दुसऱ्यानं उतरवायचं. आपल्या जर्नलसारखंच!

विक्रीत न दिसणारं नुकसान

काही नुकसान तर विक्रीच्या तक्त्यात येतच नाही. 'टायटन क्वेस्ट' हा २००६ चा गेम. बनवणारी कंपनी 'आयर्न लोर', ती २००८ च्या फेब्रुवारीत बंद झाली. त्यानंतर तिच्या प्रकाशक कंपनीतले मायकेल फिच यांनी एक संतापलेली टिपणी लिहिली. गेममध्ये कॉपी ओळखणारी तपासणी ठिकठिकाणी पेरलेली होती. चोरांनी घाईघाईत ती अर्धवटच काढली, त्यामुळे चोरीची प्रत एका ठराविक जागी बंद पडायची. आता ज्याची चोरीची प्रत बंद पडते, तो "मी चोरली म्हणून बंद पडली" असं थोडंच सांगतो? तो सांगतो, "गेम बकवास आहे, सारखा क्रॅश होतो." गेम प्रत्यक्ष दुकानात पोचायच्या आत ही बदनामी पोचली होती, असं फिच यांचं म्हणणं. कंपनी बंद पडायला हेच एक कारण होतं असं म्हणता येणार नाही. पण कुलूपच उलटून मालकाच्या डोक्यात बसलं, हे खरं.

दुसरं नुकसान म्हणजे काय बनवायचं याचा निर्णयच बदलतो. 'क्रायसिस' २००७ मध्ये फक्त पीसीवर आला. दहा लाखांवर प्रती खपूनही, 'क्रायटेक'चे प्रमुख जेव्हात येर्ली यांनी २००८ मध्ये जाहीर केलं की पायरसीमुळे यापुढे फक्त पीसीसाठी गेम करणार नाही. २०११ चा 'क्रायसिस २' कन्सोलवरही आला. ज्याची कॉपी मारता येते ते कमी बनवायचं, आणि जे सर्व्हरशिवाय चालत नाही ते जास्त बनवायचं, ही दिशा तिथून पुढे वाढतच गेली. आज आपल्या विंगमध्ये रात्री २ वाजता 'व्हॅलोरंट'वरून जी बोंबाबोंब चालते, त्या गेमची पायरसी करायची म्हटली तरी करणार कशाची? गेम फुकटच आहे, आणि पैसे स्किनचे. ज्यांना एकट्यानं शांतपणे गोष्टीचा गेम खेळायला आवडतो, त्यांच्या वाट्याचं त्यात किती गेलं, हे कुठल्याच तक्त्यात मांडता येत नाही.

मग अभ्यास काय सांगतात?

युरोपियन कमिशननं 'एकोरिस' या संस्थेकडून एक मोठा अभ्यास करून घेतला. २०१४ मध्ये जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स, स्पेन, पोलंड आणि स्वीडन या ६ देशांतल्या जवळजवळ ३० हजार लोकांना प्रश्न विचारले. २०१५ मध्ये अहवाल तयार झाला, पण तो लोकांपुढे आला २०१७ मध्ये, तोही युरोपियन संसदेच्या एका सदस्यानं कागदपत्रं मागितल्यावर. निष्कर्ष काय? नव्या गाजलेल्या चित्रपटांचं नुकसान स्पष्ट दिसतं : १० चित्रपट चोरून पाहिले तर सुमारे ४ कमी वेळा पैसे देऊन पाहिले जातात. पुस्तकं, संगीत यांच्याबाबत ठाम पुरावा मिळाला नाही. गेमच्या बाबतीत तर आकडा उलटाच आला : १०० चोरीच्या प्रतींमागे २४ विक्र्या जास्त!

आता हे वाचून लगेच टोरेंट लावू नका. पहिली गोष्ट, या अंदाजात चुकीची शक्यता बरीच मोठी होती आणि अहवालातच म्हटलंय की, परिणाम सिद्ध झाला नाही याचा अर्थ परिणाम नाही असा होत नाही. दुसरी गोष्ट आपल्या विषयातली आहे. जो गेमवेडा असतो तो विकतही जास्त घेतो आणि चोरतोही जास्त. जो गेम लोकप्रिय असतो तो खपतोही जास्त आणि चोरीलाही जास्त जातो. म्हणजे पायरसी आणि विक्री सोबत वाढताना दिसतात, पण दोघांना वाढवणारं कारण तिसरंच असतं. पावसाळ्यात छत्र्यांची विक्री वाढते आणि रस्त्यावरचे खड्डेही वाढतात, म्हणून छत्र्यांमुळे खड्डे पडतात असं कुणी म्हणत नाही. अहवाल लिहिणाऱ्यांनी ही गाठ सोडवायचा प्रयत्न केला होता, पण नुसत्या प्रश्नावलीवरून ती पूर्ण सुटणं अवघड.

खरा उपाय म्हणजे प्रयोग. तोच गेम, तीच किंमत, एका जगात पायरसी आणि दुसऱ्या जगात नाही. असं जग आपल्या हातात नसतं. पण कधीकधी परिस्थितीच प्रयोग करून देते. २०१४ पासून 'डेनुव्हो' नावाचं कुलूप काही पीसी गेमना लागायला लागलं. ते फुटायचं, पण कधी फुटेल याचा नेम नसायचा. एखादा गेम पहिल्याच आठवड्यात फुटला, एखादा तीन महिन्यांनी, एखादा फुटलाच नाही. विल्यम व्होल्कमन या संशोधकानं नेमका याचाच उपयोग केला. सप्टेंबर २०१४ ते २०२२ अखेर स्टीमवर आलेले डेनुव्होचे ८६ गेम त्यानं घेतले. विक्रीचे आकडे कंपन्या देत नाहीत, म्हणून स्टीमवरच्या वापरकर्त्यांच्या अभिप्रायांची संख्या विक्रीचा निदर्शक म्हणून धरली, आणि फुटलेल्या गेमची पुढची कमाई न फुटलेल्यांशी ताडून पाहिली. २०२४ मध्ये हा निबंध 'एंटरटेनमेंट कम्प्युटिंग' या नियतकालिकात आला.

उत्तर असं : गेम अगदी सुरुवातीलाच फुटला तर एकूण कमाई सरासरी २० टक्क्यांनी घटते. जसजसा उशिरा फुटेल तसतसं नुकसान कमी होत जातं. १२ आठवड्यांनंतर फुटला तर नुकसान जवळजवळ शून्य.

मला वाटतं, गच्चीवरच्या भांडणाचा बराचसा निकाल या तीन वाक्यांत लागतो. २० टक्के म्हणजे १०० टक्के नव्हे, तेव्हा "प्रत्येक प्रत म्हणजे बुडालेली विक्री" हे खोटं. पण २० टक्के म्हणजे शून्यही नव्हे. ज्या स्टुडिओचा नफाच १५ टक्के असेल, त्याच्यासाठी २० टक्के म्हणजे टाळं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. मोठ्या गेमची बरीचशी कमाई पहिल्या काही आठवड्यांतच होते, कारण पूर्ण किंमत द्यायला तयार असलेले अधीर लोक तेव्हाच घेतात. वरच्या हिशेबातले ते ५ जण पहिल्या आठवड्यातले. त्यांच्या हातात फुकट फाइल पडली तर खरा फटका. ७५ जणांनी दोन वर्षांनी उतरवला तर कुणाचं फारसं काही जात नाही.

एक मर्यादा इथेच सांगून ठेवतो. हे ८६ गेम डेनुव्होचा खर्च परवडणाऱ्या कंपन्यांचे आहेत. आमच्या विंगमधल्या ४९ रुपयांच्या गेमला हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. ज्याचं नावच कुणाला माहीत नाही, त्याचा पहिला शत्रू पायरसी नसून अनोळखीपणा असतो.

कुलूप कुणाला लागतं?

मग सगळ्यांनी मजबूत कुलपंच घालावीत का? २००८ च्या सप्टेंबरमध्ये 'स्पोर' आला. विकत घेणाऱ्याला तो फक्त ३ मशीनवर चालू करता यायचा. विंडोज पुन्हा टाकलं, हार्ड डिस्क बदलली, की एक संधी कमी. लोक इतके चिडले की अमेझॉनवर एक तारा देणाऱ्यांची रीघ लागली आणि कंपनीला ३ चे ५ करावे लागले. आणि चोरीच्या प्रतीला? तिला काहीच मर्यादा नव्हती. टोरेंटवरच्या नोंदींनुसार त्या वर्षीचा सर्वांत जास्त चोरलेला गेम 'स्पोर'च होता, सुमारे १७ लाख वेळा.

२०१० मध्ये 'यूबीसॉफ्ट'नं 'असॅसिन्स क्रीड २'च्या पीसी प्रतीला सतत इंटरनेट लागेल अशी अट घातली. मार्चमध्ये त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे मोजलेले लोक हात चोळत बसले. म्हणजे सरळ माणसाला रांग आणि तिकीट नसलेल्याला मागचा दरवाजा. कुलपाचा हिशेब करताना ही बाजूही धरावी लागते.

पोलंडची गोष्ट

आता असा देश घेऊ, जिथे सगळेच चोरून खेळत होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडमध्ये गेम मिळायचे ते बाजारात, चटईवर मांडलेले. मूळ कंपनीची प्रत म्हणजे काय हेच बहुतेकांना माहीत नव्हतं. नवा कॉपीराइट कायदा आला तोच मुळी १९९४ मध्ये. त्याच वर्षी मार्चिन इविन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की या दोन मित्रांनी वॉर्सामध्ये 'सीडी प्रोजेक्ट' काढली. धंदा कसला, तर परदेशी गेम आणून कायदेशीर विकायचे. चोरबाजाराशेजारी!

१९९९ मध्ये त्यांनी 'बाल्डर्स गेट' पोलिश भाषेत आणला. नुसती अक्षरं बदलली नाहीत. नावाजलेल्या पोलिश नटांचे आवाज घेतले, जाडजूड खोक्यात नकाशा, पुस्तिका, संगीताची सीडी दिली. चोराकडे मिळते ती नुसती चकती, आणि तीसुद्धा इंग्रजीत. पहिल्याच दिवशी १८ हजार प्रती गेल्या, जिथे काही हजार खपणं हेच मोठं यश मानलं जायचं. लोक "नाहीतरी घेतलंच नसतं" म्हणत होते, तेच लोक रांगेत होते.

पुढे याच कंपनीनं स्वतःचे 'विचर' गेम बनवले. २०११ च्या 'विचर २'ची दुकानातली प्रत कुलूपबंद होती, आणि त्यांच्याच 'गॉग' या संकेतस्थळावरची बिनकुलपाची. इविन्स्कींच्या अंदाजानं सुमारे ४५ लाख प्रती चोरीच्या झाल्या आणि विकल्या गेल्या साधारण १० लाख. कंपनीनं काही आठवड्यांत दुकानातल्या प्रतीचंही कुलूप काढून टाकलं. मात्र जर्मनीत चोरून उतरवणाऱ्यांना वकिलांची पत्रंही धाडली. त्यात निरपराध लोकही अडकतील अशी ओरड झाल्यावर जानेवारी २०१२ मध्ये तो प्रकार बंद केला. २०१५ चा 'विचर ३' गॉगवर पहिल्या दिवसापासून बिनकुलपाचा मिळत होता. २०२३ पर्यंत त्याच्या ५ कोटींवर प्रती खपल्या.

स्टीम चालवणाऱ्या 'व्हॉल्व्ह'चे गेब न्यूएल यांचं म्हणणं या सगळ्याशी जुळतं : पायरसी हा बहुतेक वेळा किमतीचा कमी आणि सेवेचा जास्त प्रश्न असतो. रशियात सगळे चोरच आहेत, तिथे जाऊ नका, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. २०११ मध्ये त्यांनी सांगितलं की, तोच रशिया आता युरोपातली आपली सर्वांत मोठी बाजारपेठ होण्याच्या बेतात आहे.

आपल्याकडे मात्र किमतीचा प्रश्न खोटा नाही. स्टीमवर रुपयांत किमती दिसायला लागल्या नोव्हेंबर २०१५ पासून. त्याआधी डॉलर आणि आंतरराष्ट्रीय कार्ड. वडिलांना "६० डॉलरचा गेम घ्यायचाय" म्हणून सांगायची हिंमत कुणाची होती? आजही मोठा नवा गेम चार-पाच हजारांपर्यंत जातो, म्हणजे मेसचं महिन्याचं बिल. 'टूडी बॉय'नी २००९ च्या ऑक्टोबरमध्ये 'वर्ल्ड ऑफ गू'च्या पहिल्या वाढदिवसाला "हवे तेवढे पैसे द्या" अशी योजना काढली. २० डॉलरचा गेम पहिल्या आठवड्यात सुमारे ५७ हजार लोकांनी घेतला, सरासरी फक्त २ डॉलर देऊन. पुष्कळांनी तर १ सेंट दिला. म्हणजे गर्दी पैसे देते, पण तिच्या खिशाला झेपेल तेवढेच. आणि हेही दिसलं की २० देऊ शकणारे सगळेच २० देत नाहीत.

आपलं काय?

कायद्याचं एक वाक्य सांगतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार, चोरीची प्रत आहे हे माहीत असून संगणकाचा प्रोग्राम वापरणं हा गुन्हा आहे : ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय खास कारणं नोंदवून कैद माफ करू शकतं. हे "गेम"लाच नाही, लॅबसाठी म्हणून आपण बिनदिक्कत उतरवतो त्या सॉफ्टवेअरलाही लागू आहे.

पण कायद्यापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त टोचते. गेम म्हणजे लांब अमेरिकेतल्या कुठल्यातरी श्रीमंत कंपनीचा, असं आपण धरून चालतो. २०२० मध्ये आलेला 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स' या छोट्या स्टुडिओनं केला. लोकवर्गणीचा त्यांचा २०१७ मधला प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी गेम पुरा केला. अशा स्टुडिओत उद्या आपल्यापैकीच कुणी बसलेलं असेल. 'त्यांचं' म्हणून उतरवलेली फाइल 'आपली' निघू शकते.

तेव्हा हिशेबाचा गोषवारा असा :

१. प्रत्येक फुकट प्रत म्हणजे बुडालेली विक्री नाही. बहुतेक प्रती नाहीतच.
२. तरीही तोटा शून्य नाही. नवा गेम पहिल्या आठवड्यांत फुकट वाटला गेला तर तो मोजता येण्याइतका असतो.
३. अनोळखी छोट्या गेमला फुकट प्रसिद्धीचा थोडा फायदा होऊ शकतो, पण तो निर्णय बनवणाऱ्यानं घ्यायचा, आपण नाही.
४. योग्य किंमत, सोपी खरेदी आणि चोराकडे न मिळणारं काहीतरी, हे कुलपापेक्षा जास्त चालतं.
५. "मी नाहीतरी घेतलाच नसता" हे वाक्य आपल्यातले ७५ जण खरं बोलतात आणि २५ जण खोटं. आपण कुठल्या गटात, ते ज्याचं त्यालाच माहीत.

आमच्या त्या दोघांना मी हे सगळं दाखवलं. नक्की किती गेले ते मला अर्थातच सांगता आलं नाही. एवढंच म्हणालो, की हॉस्टेलमधल्या सगळ्यांना ४९ नं गुणू नका आणि शून्यही धरू नका. त्यांनी विचार केला आणि पहिल्या दहा पातळ्या फुकट करून टाकल्या. पुढच्या हव्या असतील तर ४९ रुपये. ती फाइल त्यांनी स्वतःच ग्रुपवर टाकली. एक जण आता नोकरीत आहे आणि दुसरा रात्री मेस बंद झाल्यावर अजून बसतो.

आणि हो, मी स्वतः तो गेम त्या एपीकेवरच पूर्ण केला होता. गच्चीवर "नाहीतर कोण घेणार होतं" म्हणणारा दुसरा मित्र म्हणजे मीच. हा लेख लिहायला बसण्याआधी ४९ रुपये भरून टाकले. मी त्या २५ जणांतला होतो.